सोफ्याच्या आत काय साठतं?

आपल्या वस्त्यांमध्ये आता घरोघरी सोफा दिसतो, नाहीतर सोफा-कम-बेड. कुणी हप्त्यावर घेतला, कुणी लेकीच्या लग्नाच्या वेळी, तर कितीतरी घरांत तो कामावरच्या मॅडमने दिलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा त्यावर पाहुणे बसतात, संध्याकाळी मुलं अभ्यास करतात आणि रात्री आजी झोपते. भांडी रोज घासली जातात, लादी रोज पुसली जाते, सोफा मात्र जयंतीच्या आधी एकदा झटकला की झालं. दम्याच्या मुलांना बघायला घरी जाते तेव्हा मी आधी एवढंच विचारते, मूल झोपतं कुठे?

आपल्या अंगावरून कातडीचा भुगा सतत गळत असतो. तो गादीत आणि सोफ्याच्या फोममध्ये जाऊन बसतो. त्यावर धुळीतले बारीक किडे जगतात. त्यांना माइट म्हणतात. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, डोळ्यांना न दिसणारे. ते चावत नाहीत, पण त्यांची विष्ठा श्वासातून आत गेली की काही जणांना शिंका, सर्दी, खाज आणि दम्याचा त्रास होतो. ओलसर हवा त्यांना मानवते, म्हणून खिडकी नसलेल्या खोलीत आणि पावसाळ्यात त्रास वाढतो. मुलाला डॉक्टरांनी इन्हेलर दिला असेल तर सोफा साफ केला म्हणून तो बंद करायचा नाही. इन्हेलरची सवय लागते हा गैरसमज आहे.

साफसफाई मात्र नीट करायची. काठीने सोफा बडवला की सगळी धूळ मुलाच्या नाकात जाते. आधी दम्याच्या माणसाला बाहेर बसवा, आपल्या नाकातोंडाला ओढणी बांधा, उशा आणि सुटणारे कुशन दाराबाहेर नेऊन झटका. उरलेली धूळ किंचित ओलसर फडक्याने टिपून घ्या. सोफ्यावर जुनी चादर किंवा खोळ घाला, ती दर आठवड्याला धुवा. पाणी हात बुडवता येणार नाही इतकं कढत, साठ अंशांच्या आसपास असेल तर माइट मरतात. कापसाची गादी उन्हात टाका, दोन्ही बाजू उलटा, आणि पिंजारी दारावर आला तर त्याला परत पाठवू नका. फोमचं गणित वेगळं आहे. तो पाणी पितो आणि आतून लवकर वाळत नाही, मग बुरशी धरते आणि कुबट वास येतो. म्हणून फोमच्या सोफ्यावर बादली ओतायची नाही.

मुलाने सू केली तर लगेच सुक्या कपड्याने दाबून टिपा, मग थंड पाण्याचा बोळा फिरवा, पुन्हा टिपा, खायचा सोडा भुरभुरा आणि पंखा लावा. लघवीवर ब्लीच कधीही टाकू नका, त्यातून घशाला आणि फुप्फुसाला जाळणारा वायू निघतो. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र केलं तर त्याहून वाईट, क्लोरीन तयार होतो. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच काढायचा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. तेल सांडलं तर बेसन किंवा पावडर टाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग झटका. रेक्झिनला साबणाचा ओला बोळा पुरतो.

आता ढेकूण. याबद्दल बाया कानात बोलतात, जणू घरात चोरी केलेला माल आहे. ढेकूण मोठ्या हॉटेलातही असतात, लाज कशाची? ते रोग पसरवतात असं आढळलेलं नाही, पण झोप मोडते, मुलं खाजवून जखमा करतात आणि त्या पिकतात. ते शिवणीत, सोफ्याच्या खालच्या काळ्या कापडात, लाकडाच्या सांध्यात लपतात. रक्त न पिता महिनोन् महिने जगतात, म्हणून खोली चार दिवस बंद ठेवून काही होत नाही. उष्णतेने मात्र मरतात. लोखंडी पलंगाच्या सांध्यात उकळतं पाणी ओता, कपडे कढत पाण्यातून काढा, शिवणी जुन्या ब्रशने घासा. अंडी आठ-दहा दिवसांनी फुटतात, तेव्हा पंधरवड्याने सगळं पुन्हा करावं लागतं. इथेच लोक कंटाळतात आणि विषाकडे वळतात.

धान्यात घालायच्या विषारी गोळ्या, ज्यांना सल्फासच्या गोळ्या म्हणतात, कुणीतरी आणून देतं आणि सोफ्याखाली ठेवायला सांगतं. ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो पत्र्याच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो, आणि त्यावर उतारा नाही. झोपेतच मुलं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्या गोळ्या घरात आणूच नका. फवारणीनंतर कुणाला उलटी, चक्कर, धाप झाली तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, 108 ला फोन करा, औषधाचं पाकीट बरोबर न्या. रॉकेल ओतण्याचा उपायही सोडा. फोम पेटला की त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड असतं, माणूस भाजायच्या आधी गुदमरतो. मेणबत्ती आणि मच्छर कॉइलही सोफ्यापासून लांब ठेवा.

एक गोष्ट मध्येच सांगते. टीबीच्या रुग्णाची गादी जाळून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. टीबी हवेतून पसरतो, गादी-सोफ्यातून नाही. गरिबाची गादी गेली आणि माणूस वेगळा पडला, एवढंच होतं. खरजेचं वेगळं. सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावायचं आणि त्या सोफ्यावर तीन-चार दिवस बसायचं नाही, किडा अंगाबाहेर त्याहून जास्त टिकत नाही.

जुना सोफा घेताना तो उलटा करा. शिवणीत काळे ठिपके, गोड-कुबट वास, ओली प्लाय दिसली तर फुकटही नको. कापडाच्या लेबलवर इंग्रजी अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे पाण्याने चालेल, एस म्हणजे पाणी नको, फक्त सॉल्व्हंट, दोन्ही असतील तर दोन्ही, आणि एक्स म्हणजे फक्त धूळ ओढायची.

हे अक्षर आपल्या पोरांना नीट पाठ असतं, कारण मशीन खांद्यावर घेऊन बिल्डिंगांमध्ये सोफे धुवायला तीच जातात. आधी धूळ ओढायची, मग शाम्पू, ब्रश, मग मशीनने घाण पाणी खेचायचं. पैसे सीटवर ठरतात, श्वासावर नाही. एसी बंद करून खिडक्या उघडायला सांगितल्या तर काही ग्राहक तोंड वाकडं करतात. तरी सांगा. रबरी हातमोजे ठेकेदाराकडून मागून घ्या. सॉल्व्हंटच्या वासाला साधा कापडी मास्क अडवत नाही, त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. बाटलीवरचं लेबल फाडलेलं असेल तर ती बाटली वापरू नका. आणि घरी आल्यावर मुलाला उचलण्याआधी कपडे बदला, हात कोपरापर्यंत धुवा.