फौजीच्या घरातला मोबाईल

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीसारख्या गावांतही नेट स्वस्त झालं. त्याआधी फौजीचा फोन म्हणजे मिनिटं मोजून बोलणं. आता सीमेवरचा बाप स्क्रीनवर दिसायला लागला. पोरांच्या मोबाईलवरून कितीही कटकटी झाल्या तरी फौजीच्या घरातून तो काढून घेणं जमलं नाही, ते यामुळंच.

त्याच फोनमधून बाहेर काय काय जातं, हे कळायला मात्र वेळ लागला. जानेवारी 2018 मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषा लोकांच्या लक्षात आल्या आणि परदेशांतले लष्करी तळ जगाला दिसले. इकडं स्टेटसवर वेगळं काय चालू होतं? वाढदिवसाला वर्दीतल्या पप्पांचा फोटो, छातीवरची नावाची पट्टी वाचता येईल इतका स्पष्ट, खाली पोस्टिंगच्या गावाचं नाव. सुट्टी संपली की रेल्वेच्या तिकिटाचा फोटो आणि ‘मिस यू पप्पा’. लेकराची मायाच ती. पण तिकिटावर तारीख, गाडी, डबा सगळं असतं. आणि उद्यापासून घरी बाईमाणूस नि लेकरंच आहेत, हेही त्यातून कळतं.

डिसेंबर 2019 मध्ये हनीट्रॅपच्या प्रकरणानंतर नौदलानं तळांवर नि जहाजांवर स्मार्टफोन बंद केले. जुलै 2020 मध्ये लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप काढायला लावली. त्याविरुद्ध एक अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, पण याचिका टिकली नाही. नेमकं तेव्हाच लॉकडाऊनमुळं शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर भरत होती. बापाच्या फोनमधून फेसबुक गेलं आणि अभ्यासाच्या नावानं पोराच्या हातात फोन आला. हुकूम युनिटपुरता होता. गावाकडच्या बायकोपर्यंत तो पोचला असेल तर पाऊस-सोयाबीनच्या गप्पांत एखाद्या वाक्यापुरता. माझ्या मते सगळ्यात मोठी फट इथंच राहिली.

सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी बंद झालं, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर. पोरं दुसऱ्या गेमवर गेली. गोळीबाराच्या खेळापेक्षा मला धास्ती वाटते ती हेडफोनमधल्या अनोळखी आवाजाची. ‘तेरे पापा क्या करते हैं?’ असं कोणी विचारलं तर फौजीचं पोरगं छाती फुगवूनच सांगणार.

2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. चांगलंच केलं. पण ड्युटी संपवून फौजी घरी फोन लावतो तीही वेळ बऱ्याचदा हीच.

फोनवरून कुणी फसवलं, धमकावलं तर पैशांच्या फसवणुकीला 1930, लेकरांसाठी 1098 हे नंबर आहेत, मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा तर 2012 पासूनचा आहे. तरी ‘फौजीच्या घरची बदनामी’ नको म्हणून आई गप्प बसते, आणि नवऱ्याला तिकडं ताण नको म्हणून त्यालाही सांगत नाही. धमकावणाऱ्याला एवढं पुरतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये डेटा संरक्षणाचे नियम आले. अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागणार. ते लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत. टेंभुर्णीत बाप चौकीवर, आई शेतात, आणि आईच्या नंबरवर आलेला ओटीपी वाचून दाखवणारा घरात एकच: सातवीतला पोरगा.