रात्रीचा वारा आणि मराठवाड्यातले घर
मे महिन्यात पाथरीत दुपारी पारा ४० अंशांपुढे जातो. हवा कोरडी असल्याने पहाटे मात्र तो बराच उतरतो. जुने माळवदाचे घर हाच फरक कामी आणी. जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन जिरवत आणि रात्री तो उष्मा छतातल्या झरोक्यावाटे निघून जाई. आजचा स्लॅब दिवसभर तापतो आणि बंद खिडक्यांआड छताचा पंखा तीच गरम हवा रात्रभर फिरवतो. पंख्याने घाम वाळतो. भिंती निवतात त्या बाहेरच्या हवेने. म्हणून बाहेर गारवा येताच जाळीच्या खिडक्या उघडाव्यात, पलीकडच्या उंच खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा आणि उन्हे चढण्याआधी सारे बंद करावे. एसी न परवडणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्यांची, लेकरांची झोप यावरच आहे.