मुदत संपलेला संगणक आणि घराचे कुलूप

पोटाला चिमटा घेऊन, हप्त्याने किंवा जुन्या बाजारातून घेतलेला संगणक आज आपल्या पुष्कळ घरांत आहे. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्याची प्रत, बँकेचा व्यवहार असे सारे त्यावरच चालते. एके दिवशी पडद्यावर सूचना येते की, या विंडोजची मुदत संपली. संगणक तर पूर्वीसारखाच चालतो, म्हणून आपण ती सूचना बंद करून कामाला लागतो. धोका नेमका येथेच आहे.

मुदत संपली म्हणजे काय?

विंडोज ही संगणक चालविणारी मूळ प्रणाली. तीही माणसांनीच लिहिलेली, म्हणून तिच्यात चुका राहतात. चोर त्या शोधतात आणि त्या बुजविण्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याला दुरुस्त्या पाठवते. त्यालाच अपडेट म्हणतात. मुदत संपली की त्या येणे थांबते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

चाळीतल्या सर्व खोल्यांना एकाच बनावटीचे कुलूप आहे, असे समजा. ते पिनेने उघडते हे कळल्यावर शेजाऱ्यांनी कुलुपे बदलली, तुमचे तेवढे राहिले. मग चोर कोणाकडे जाईल? नव्या विंडोजची दुरुस्ती उलगडून पाहिली की जुन्या विंडोजमधली तीच फट चोरांच्या हाती लागते.

२०१७ चा धडा

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करी आणि सोडविण्यासाठी ३०० डॉलर मागे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची झळ बसली. मुदत संपलेल्या एक्सपीसाठी कंपनीने अपवाद म्हणून दुसऱ्या दिवशी सर्वांना मोफत दुरुस्ती दिली. पण ब्रिटनमधील बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते. त्याची मुदत तेव्हा शिल्लक होती आणि दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. ती कोणी बसवलीच नव्हती! औषध आणून फडताळात ठेवले तर ताप उतरत नाही.

आता काय करावे?

विंडोज १० असेल तर आधी ते २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर आणा. मग सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव मुदतीची नोंदणी करा. घरगुती वापरासाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून त्यात सेटिंग्ज जपण्यास संमती दिली, तर पैसे पडत नाहीत. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ही सोय मिळते.

विंडोज ७ नव्याने बसवले असेल, तर दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला सांगा की, केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ या दोन दुरुस्त्या आधी घाल. त्यांच्याशिवाय पुढच्या दुरुस्त्या बसत नाहीत. त्या मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधूनच घ्याव्यात. अनोळखी ठिकाणची 'फुकट' फाईल म्हणजे चोराच्याच हातून कुलूप घेणे. मात्र एवढे करूनही जुन्याच फटी बुजतात. नंतर सापडलेल्या उघड्याच राहतात.

म्हणून अशा जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट बसविणे अधिक शहाणपणाचे. ते मोफत आहे, त्यावर मराठी लिहिता येते आणि दुरुस्त्याही नियमित येतात. बसविण्यापूर्वी फोटो, दाखले, गुणपत्रिका पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो काढून वेगळा ठेवा. हे जमेपर्यंत त्या संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकू नका.

वस्तीतील अभ्यासिकेच्या संगणकाकडेही लक्ष द्या. तेथे एका घराची नव्हे, अनेक घरांची कागदपत्रे उघडली जातात. शिकलेल्या मुला-मुलींनी येत्या रविवारी तासभर काढून आपला आणि शेजारच्या घरातला संगणक तपासावा. कष्टाने मिळविलेले दाखले आणि घामाचे पैसे जपणे, हेही शिक्षणाचेच काम आहे.