शास्त्री, बापूदेव

शास्त्री, बापूदेव : (१ नोव्हेंबर १८२१ – १८९०). एकोणिसाव्या शतकातील थोर भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद. प्राचीन सिद्धांतग्रंथांचे संशोधक, संपादक व भाषांतरकार. काशीच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात त्यांनी सु. ४७ वर्षे अध्यापन केले. भारतीय सिद्धांतज्योतिष व पाश्चात्त्य गणित या दोहोंचा अधिकारवाणीने विचार करू शकणाऱ्या पहिल्या पंडितांत त्यांची गणना होते. भास्कराचार्यांना (१११४ – ११८५) अवकलन गणिताचे मूलतत्त्व अवगत होते, हा त्यांनी १८५८ मध्ये मांडलेला विचार आणि आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळणारे पंचांग तयार करण्याचा त्यांचा उद्योग, या दोन गोष्टींमुळे ते विशेष प्रसिद्धीस आले.

घराणे व शिक्षण : बापूदेवांचे मूळ नाव नृसिंह, आडनाव परांजपे. वडिलांचे नाव सीताराम व आईचे सत्यभामा. जन्म पुणे येथे झाला. घराणे मात्र गोदावरीकाठच्या टोके या गावचे. हे गाव अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात, त्याच तालुक्यातील सोनईच्या ईशान्येस, प्रवरा व गोदावरी यांच्या संगमाजवळ आहे. गोदातीरावरून काशीस जाऊन ज्योतिषविद्येत नाव मिळविण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात ‘सिद्धांततत्त्वविवेक’ (१६५८) हा ग्रंथ लिहिणारे कमलाकर यांचे घराणेही गोदातीरीच्या गोलग्रामाहून काशीस गेलेले होते.

बापूदेवांचे प्रारंभीचे शिक्षण नागपूर येथे मराठी शाळेत झाले. तेथेच धुंडिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांजवळ त्यांनी भास्कराचार्यांचे ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे ग्रंथ अभ्यासले. १८३८ मध्ये त्यांची गाठ लान्सलॉट विल्किन्सन यांच्याशी पडली. विल्किन्सन हे भोपाळ संस्थानाचे पोलिटिकल एजंट असून त्यांचे ठाणे सिहोर येथे होते. तरुण बापूदेवांची गणितातील गती पाहून त्यांनी त्यांना सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले.

सिहोरची पाठशाळा त्या काळी एका वेगळ्या शैक्षणिक प्रयोगाचे स्थान होते. पृथ्वी सपाट आहे, राहू चंद्राला गिळतो इ. पौराणिक कल्पना लोकांत रूढ होत्या. पण सिद्धांतग्रंथांत पृथ्वी गोल असल्याचे आणि ग्रहणे छायेमुळे होतात असे स्पष्ट सांगितले होते. तेव्हा परकीय पुस्तके पुढे करण्याऐवजी सिद्धांतांच्याच आधारे विद्यार्थ्यांना आधुनिक ज्योतिषाकडे न्यावे, असे विल्किन्सन यांचे मत होते. तेथील महाराष्ट्रीय पंडित सुबाजी बापू यांनी याच धोरणाने ‘शिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. बापूदेवांनी सिहोर येथे सेवाराम या पंडितांजवळ ‘सिद्धांतशिरोमणी’चे आणि स्वतः विल्किन्सन यांच्याजवळ यूरोपीय गणिताचे अध्ययन केले. १८४१ मध्ये विल्किन्सन यांचा मृत्यू झाला. सु. १८४१-४२ मध्ये बापूदेवांची काशीच्या संस्कृत महाविद्यालयात रेखागणिताचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. १७९१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. पुढे बापूदेव तेथे गणित व ज्योतिष या विषयांचे प्रमुख झाले आणि १८८९ मध्ये निवृत्त झाले.

ग्रंथकार्य : बापूदेवांच्या ग्रंथलेखनाचे दोन भाग पडतात. नवे गणित देशी भाषांत आणणे हा पहिला. संस्कृतमध्ये त्यांनी रेखागणित, त्रिकोणमिती व अंकगणित या विषयांवर पुस्तके लिहिली. त्यांच्या हिंदी ‘बीजगणिता’बद्दल उत्तर-पश्चिम प्रांताच्या सरकारने त्यांना पारितोषिक दिले. जुन्या ग्रंथांचे शुद्ध पाठ व अर्थ उपलब्ध करून देणे हा दुसरा भाग. ‘सूर्यसिद्धांता’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर आणि विल्किन्सन यांनी केलेले ‘सिद्धांतशिरोमणी’तील गोलाध्यायाचे भाषांतर, त्यांनीच तपासून, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास अमेरिकेत बर्जेस यांचे ‘सूर्यसिद्धांता’चे सटीप भाषांतर निघाले होते (१८६०). ‘सिद्धांतशिरोमणी’ची टीपांसह आवृत्ती (१८६६) व ‘लीलावती’ची आवृत्ती (१८८३) ही त्यांची संपादने आहेत. कमलाकरांच्या मतांची चिकित्सा करणारी ‘तत्त्वविवेकपरीक्षा’ आणि काशीच्या मानमंदिर वेधशाळेतील यंत्रांचे वर्णन हेही त्यांचे उल्लेखनीय लेखन होय.

भास्कराचार्य व अवकलन : १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बापूदेवांचा अवघ्या चार पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यातील प्रतिपादन समजण्यासाठी मूळ प्रश्न ध्यानात घ्यावा लागतो.

ग्रहाची आजची व उद्याची स्थिती काढून त्यांतील अंतर घेतले, म्हणजे त्याची दैनंदिन गती मिळते. परंतु ही दिवसभराची सरासरी होय. चंद्राची मध्यम गती दिवसाला सु. १३ अंश ११ कला असली, तरी प्रत्यक्ष गती सु. १२ ते १५ अंशांच्या दरम्यान सतत बदलत असते. त्यामुळे तिथी नेमकी कोणत्या घटकेस संपते हे काढताना सरासरी गती अपुरी पडते. त्या क्षणीची, म्हणजे ‘तात्कालिक’ गती हवी असते. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) स्थूल व तात्कालिक गती असा भेद करून, तिथ्यंताजवळच्या गणितासाठी चंद्राची तात्कालिक गतीच घ्यावी असे सांगितले.

ही गती काढण्यासाठी भुजज्या कोणत्या वेगाने बदलते हे कळावे लागते. सिद्धांतकारांच्या कोष्टकांत वृत्तपादाचे प्रत्येकी २२५ कलांचे (३ अंश ४५ कलांचे) २४ भाग करून प्रत्येकाची भुजज्या दिलेली असते. त्रिज्या ३,४३८ कला धरतात. लगतच्या दोन भुजज्यांतील अंतरास ‘खंड’ म्हणतात. भास्कराचार्यांचा नियम असा : कोटिज्येस २२५ ने गुणून त्रिज्येने भागले असता तात्कालिक खंड मिळतो. उदा., ६० अंशांची कोटिज्या १,७१९, म्हणजे त्रिज्येच्या निम्मी आहे. म्हणून तात्कालिक खंड २२५ च्या निम्मा, ११२<सु>१/२</सु> येतो. कोष्टकात ६० अंशांच्या अगोदरचा खंड ११९ व नंतरचा १०६ आहे. त्यांची सरासरीही तेवढीच भरते. आजच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ज्या-फलनाचे अवकलज कोज्या-फलन असते, याच विधानाचे हे रूप आहे. शिवाय ग्रहाच्या मध्यम स्थितीस द्यावयाचा संस्कार जेथे परमावधीस पोहोचतो, तेथे गतीचा संस्कार शून्य होतो, असेही भास्कराचार्यांनी म्हटले आहे. फलनाच्या महत्तम बिंदूपाशी अवकलज शून्य असतो, हा नियम यात ओळखता येतो. या आधारावर, भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व पूर्णपणे माहीत होते असे बापूदेवांनी प्रतिपादन केले.

इंग्रज गणितज्ञ विल्यम स्पॉटिसवुड (पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष) यांनी १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या लेखाचा परामर्श घेतला. भास्कराचार्यांची रीत अवकलनाशी निकट साम्य असलेली आहे हे त्यांनी मान्य केले; पण अतिसूक्ष्म राशींची कल्पना व कोणत्याही फलनास लागू पडणारी सर्वसाधारण पद्धती तेथे आढळत नाही, म्हणून बापूदेवांचा दावा अधिक व्यापक आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

आजचे संशोधन या दोन मतांच्या मध्ये उभे आहे. ज्येच्या बदलाचा वेग कोटिज्येच्या प्रमाणात असतो, ही जाण भास्कराचार्यांपूर्वी मुंजाल यांच्या ‘लघुमानस’ (९३२) या करणग्रंथातील गतिसंस्कारातही दिसते. चौदाव्या शतकापासून केरळात माधव व त्यांच्या शिष्यपरंपरेने अनंत श्रेढी शोधल्या आणि सोळाव्या शतकातील ‘युक्तिभाषा’ या मलयाळम् ग्रंथात त्यांच्या उपपत्ती दिल्या. चार्ल्स व्हिश यांनी केरळीय श्रेढींची माहिती १८३० नंतरच्या दशकातच प्रसिद्ध केली होती, तथापि तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. म्हणून भास्कराचार्यांनी अवकलनशास्त्र निर्माण केले असे म्हणता येत नाही. परंतु त्यातील एक मूलभूत परिणाम त्यांनी अचूक ओळखला व योग्य जागी वापरला, हे निर्विवाद आहे. भारतीय गणिताचे मोल केवळ त्याच्या प्राचीनतेवरून न ठरविता त्यातील रीती पडताळून ठरवावे, हा पायंडा या वादाने पाडला आणि येथेच बापूदेवांच्या लेखाचे खरे महत्त्व आहे.

पंचांगशोधन : एकोणिसाव्या शतकातील प्रचलित पंचांगे ‘सूर्यसिद्धांत’ किंवा गणेश दैवज्ञ यांचा ‘ग्रहलाघव’ (१५२०) यांवरून तयार होत. शतके लोटल्यामुळे त्यांतील ग्रहस्थितीत अंतर पडले होतेच. पण चंद्राच्या बाबतीत दोष मुळातच होता. सिद्धांतांत चंद्रास सु. ५ अंशांपर्यंतचा एकच मुख्य संस्कार सांगितला आहे. सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्रगतीत आणखी काही विषमता उत्पन्न होतात. पौर्णिमा-अमावास्येस त्यांचा परिणाम मुख्य संस्कारात सामावतो, त्यामुळे ग्रहणे बरीचशी जुळत आणि जुन्या गणितावरील विश्वास टिकून राही. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्रस्थितीत अडीच अंशांपर्यंत चूक पडू शकते. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रांतील १२ अंशांचे अंतर. तेव्हा एवढ्या चुकीने तिथीचा अंत सु. पाच तासांनी पुढेमागे होतो व उपवास किंवा श्राद्धाचा दिवसच बदलू शकतो.

महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे (१८२५ – ८४) यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) रचून व १८६५ पासून पटवर्धनी पंचांग काढून या सुधारणेस आरंभ केला होता. काशीत बापूदेवांनी त्या शतकाच्या आठव्या दशकापासून, इंग्लंडमध्ये नाविकांसाठी प्रसिद्ध होणाऱ्या ‘नॉटिकल अल्मनॅक’च्या आधारे, काशीनरेशांच्या आश्रयाने पंचांग प्रसिद्ध केले. त्या ग्रंथातील सायन ग्रहस्थितीतून अयनांश वजा करून ते निरयन स्थान देत. परंपरानिष्ठ पंडितांचा यास विरोध होता. जुन्या गणिताने तिथीची लांबी ५४ ते ६५ घटिकांच्या दरम्यान राही व व्रतांचे निर्णय तीच मर्यादा गृहीत धरून झालेले होते. नव्या गणिताने ती सु. ५० ते ६७ घटिका येऊ लागली. धार्मिक कृत्यांसाठी ऋषिप्रणीत गणितच प्रमाण मानावे, असे विरोधकांचे म्हणणे होते. उलटपक्षी, वेधांशी मेळ बसेल असे गणित करावे, हा दंडक सिद्धांतकारांनीच घालून दिलेला असून गणेश दैवज्ञांनीही आपल्या काळी त्यास अनुसरूनच संस्कार केले होते, अशी सुधारणावाद्यांची भूमिका होती. बापूदेवांसारख्या सिद्धांतग्रंथांच्या अधिकारी संपादकाने नव्या गणिताचा अंगीकार केल्याने या पक्षास मोठे बळ मिळाले.

सन्मान व प्रभाव : रॉयल एशियाटिक सोसायटीचे सन्माननीय सदस्यत्व (१८६४), सी. आय. ई. (१८७८) व महामहोपाध्याय (१८८७) हे सन्मान त्यांना लाभले. कलकत्ता विद्यापीठाचेही ते फेलो होते. त्यांच्या जागी आलेल्या सुधाकर द्विवेदी (१८५५ – १९१०) यांनी हिंदीत ‘चलनकलन’ हे अवकलनावरील पुस्तक लिहिले व अनेक सिद्धांतग्रंथ संपादिले. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३ – ९८) यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या मराठी ग्रंथात बापूदेवांच्या चरित्राची व कार्याची नोंद घेतली आहे.

पंचांगाचा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने आधुनिक गणितावर आधारलेल्या पंचांगाची शिफारस केली आणि २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. जुन्या कोष्टकांवरून काढलेली काही पंचांगे त्यानंतरही चालू राहिली. परंतु आज प्रचारात असलेली बहुतेक मराठी पंचांगे दृक्‌प्रत्ययी गणितानेच तयार केली जातात.