काटा शून्य दाखवतो म्हणून बरोबर असतोच असं नाही

मेसेज थोडा लांब आहे, पण तुमच्या कांद्याच्या पैशाचा आहे, पूर्ण वाचा.

मागच्या हंगामात एका सभासदाने तक्रार केली की घरी मोजलेल्या गोण्या आपल्या सुप्याच्या केंद्रावर कमी भरतात. आपला काटा रिकामा असताना शून्यच दाखवत होता, म्हणून आम्ही आधी त्यांच्या घरच्या काट्यावरच शंका घेतली. मग शिक्क्याचं २० किलोचं लोखंडी वजन ठेवलं. आकडा आला १९.८५०. दोन वजनं ठेवली, ३९.७००. चूक आमची होती. ५० किलोच्या १०० गोण्यांमागे हा फरक साडेसदतीस किलो होतो! पावत्या पुन्हा काढून फरक दिला, पण आधी शंका घेतली ते चुकलंच.

असं होतं कसं? प्लेटखाली लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. भार पडला की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो आणि त्यातून बारीकसा व्होल्टेज निघतो. ५०० किलोच्या काट्यात पूर्ण भाराला साधारण १० मिलिव्होल्ट. म्हणजे एका किलोला एका व्होल्टचा ५० हजारावा भाग. एवढा कमजोर सिग्नल डिस्प्लेच्या डब्यातलं सर्किट मोठा करतं, त्यातली खरखर गाळतं आणि आकडा दाखवतं. या सर्किटला दोन गोष्टी शिकवलेल्या असतात: रिकाम्या प्लेटला किती, आणि ठरावीक वजनाला किती. कॅलिब्रेशन ते हेच.

झिरो किंवा टेअरचं बटण फक्त पहिली गोष्ट जाग्यावर आणतं. दुसरी बिघडली तर शून्य बरोबर दिसतं आणि वजन वाढेल तशी चूक वाढत जाते. आपल्याकडे लोडसेलला वीज देणाऱ्या वायरीचा जोड गंजला होता. वीज कमी पोचली, म्हणून प्रत्येक गोणी त्याच प्रमाणात हलकी. एक किलो साखरेची पुडी ठेवून हे कळत नाही, कारण काटा ५० ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो आणि एका किलोला चूक जेमतेम साडेसात ग्रॅम.

म्हणून माल पारनेरला न्या, नेप्तीला न्या की आपल्याकडे आणा, मोजणी सुरू होण्याआधी शिक्क्याचं वजन ठेवायला सांगा. आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांवर. वजन उचलल्यावर आकडा परत शून्यावर आला पाहिजे. एखादा टप्पा इकडेतिकडे झाला तर भांडू नका. काटा चालू करून पंधरा मिनिटं झालेली असावीत, प्लेट सपाट असावी, आणि प्लेटला ट्रॉलीचा फाळका किंवा कुणाचा पाय टेकलेला नसावा (हे फार वेळा होतं).

इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. प्रमाणपत्रावरची तारीख बघा. काट्याचं सील स्वतः कधीच तोडू नका, ओळखीचा वायरमन कितीही हुशार असला तरी. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा शिक्का.

आपल्या केंद्रावर २० किलोची दोन वजनं काट्याशेजारीच ठेवली आहेत. रोज सकाळचा आकडा वहीत लिहितो. वही मागा, दाखवू.