श्वास पाहा, पण गोळी सोडू नका

"ताई, महिनाभर योगा केला. आता बी.पी.ची गोळी बंद केली तर चालेल का?" वस्त्यांमध्ये हा प्रश्न नेहमी येतो. कित्येकजण न विचारताच बंद करतात. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला? पण बी.पी. बहुधा दुखत-खुपत नाही. आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड खराब करतो. काहींना कळतं ते लकवा मारल्यावरच.

योगाने वरचा आकडा साधारण पाचेक अंकांनी उतरू शकतो. १६० चा १५५ होईल. १४०/९० च्या खाली यायला बहुतेकांना गोळी लागतेच. आकडा बरेच दिवस चांगला राहिला तर गोळी कमी करायची का, हे डॉक्टर ठरवतील.

उलट आपल्यातले काही म्हणतात, योगा त्यांचा, आपल्याला नको. ओंकार, सूर्यनमस्कार नको तर नको, बी.पी.ला त्यांची गरजही नाही. पण श्वास कुणाच्या मालकीचा? मज्झिम निकायात आनापानसती सुत्त आहे. श्वास पाहायला तथागतांनीच शिकवलं. आणि तेच तथागत आजारी पडल्यावर जीवकाचं औषध घेत, हे विनयपिटकात आहे.

आनापानात श्वास जसा आहे तसा पाहायचा. बी.पी.साठी तो थोडा सावकाश करा, सोडताना जास्त वेळ. मिनिटाला सहा-सात श्वास. भिंतीला टेकून, खुर्चीवर, कसंही बसा. रोज दहा मिनिटं. श्वास कोंडू नका. भस्त्रिका, जोरजोरातलं कपालभाती, शीर्षासन बी.पी.वाल्यांनी टाळावं. दिवसभर वाकून हळद-सोयाबीन खुरपून आलेल्या बाईला आसनं सांगण्यात अर्थ नाही. ती दहा मिनिटं डोळे मिटून बसली असताना तिला कुणी चहा मागू नये, एवढं घरच्यांनी पाहावं.

मीठ माणशी दिवसाला एक चहाचा चमचा, लोणचं, पापड, सुकट, ठेचा सगळं धरून. तंबाखू आणि मिश्रीही सोडाच.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोळी हमखास तुटते. निघण्याआधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बी.पी. मोजून घ्या, जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, मोफत मिळतात. बी.पी.चा कागद कोयत्यासोबतच गाठोड्यात बांधा. गोळ्या संपत आल्या की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तोच कागद दाखवा.