ध्वनिमुद्रिका आणि मैफल : 'डीप पर्पल' ह्या वाद्यवृंदाविषयी काही विचार

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या विद्यार्थ्यांनी म्हटलेले समूहगीत पुष्कळ पालकांच्या स्मरणात असेल. त्या गीताचे ध्वनिमुद्रण आम्ही करून ठेविले होते. गीताच्या शेवटच्या चरणात एका मुलाचा स्वर एकाएकी फाटला. परंतु तो थांबला नाही, स्वर सावरून त्याने चरण पुरा केला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला व खाली मान घालून म्हणाला, "सर, तेवढे मुद्रण पुसून टाका." त्यास तत्काळ काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही. "विचार करून सांगतो," एवढेच म्हणून आम्ही त्यास वर्गात पाठविले.

तो विचार करीत असता आम्हांस आमच्या कॉलेजच्या दिवसांपासून प्रिय असलेल्या एका इंग्लिश वाद्यवृंदाची आठवण झाली. वसतिगृहातील एका मित्राजवळ त्याच्या दोन कॅसेटी होत्या. दोहोंवर पुष्कळशी गीते तीच होती. परंतु एक संच निवांत जागी, श्रोत्यांवाचून मुद्रित केलेला, व दुसरा हजारो श्रोत्यांसमोर, भर मैफलीत. ह्या दोहोंत श्रेष्ठ कोणता, ह्यावर आमचा रात्ररात्र वाद चाले. तो वाद येथे थोडक्यात मांडावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे. रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असे ज्या पालकांचे मत असेल त्यांसही आमची विनंती आहे की त्यांनी हे चार शब्द वाचून पाहावे.

'डीप पर्पल' हा वाद्यवृंद इंग्लंडात 1968 साली स्थापन झाला. त्यातील माणसे वेळोवेळी बदलत गेली. परंतु ज्या पाच जणांमुळे त्याचे नाव जगभर झाले ते असे : गायक इयन गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, बास गिटार वाजविणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवादक इयन पेस. हे पाच जण 1969 साली एकत्र आले. त्याच वर्षी 24 सप्टेंबर रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी रॉयल फिल्हार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर एक मोठी रचना सादर केली. ती रचना जॉन लॉर्ड ह्याची होती व संचालन माल्कम आर्नल्ड ह्या नामांकित संगीतकाराने केले होते. ह्यावरून ही मंडळी केवळ आरडाओरडा करणारी नव्हती, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

लॉर्डच्या ऑर्गनाविषयी आमच्या विद्यार्थ्यांस थोडे सांगितले पाहिजे. आपल्या शाळेतील पेटीत भात्याने हवा भरतो व ती हवा पितळी पट्ट्यांस कंप देते. त्यातून स्वर निघतो. हॅमंड ऑर्गनात हवेचे काम नसते. त्यात कंगोरेदार कडांची धातूची चाके विजेच्या मोटारीने चुंबकांसमोर फिरतात. त्या फिरण्याने तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, व तो वाढवून ध्वनिक्षेपकातून बाहेर काढला म्हणजे स्वर ऐकू येतो. लॉर्डने हे वाद्य गिटारीसाठी असलेल्या ध्वनिवर्धकांस जोडले. त्यामुळे त्याचा मूळचा सौम्य स्वर खरखरीत व धारदार झाला, आणि गिटारीशी तो बरोबरीने झुंजू लागला.

आता ध्वनिमुद्रणाच्या दोन रीती पाहू. स्टुडिओत प्रत्येक वाद्याचा स्वर फितीवरील निरनिराळ्या पट्ट्यांवर घेता येतो. एखादे वादन चुकले तर ते पुन्हा करता येते. गायकाने म्हटलेल्या दहा प्रयत्नांतून उत्तम तेवढा ठेविता येतो. मैफलीत ही सोय नाही. तेथे सुटलेला स्वर परत घेता येत नाही. समोरचे श्रोते तो त्याच क्षणी ऐकतात. स्टुडिओतील मुद्रण म्हणजे निबंधाची खोडून लिहिलेली शुद्ध प्रत, आणि मैफलीचे मुद्रण म्हणजे परीक्षेच्या दालनात घड्याळाकडे पाहत लिहिलेली उत्तरपत्रिका, असे म्हटल्यास विद्यार्थ्यांस हा भेद चटकन कळेल.

ह्या वाद्यवृंदाची सर्वांत गाजलेली शुद्ध प्रत म्हणजे 'मशीन हेड' हा अल्बम. त्याची कथा मोठी विलक्षण आहे. आपण मंचावर वाजवितो तो जोम स्टुडिओच्या बंद खोलीत उतरत नाही, असे ह्या मंडळींस वाटत असे. म्हणून 1971 सालच्या डिसेंबरात ते स्वित्झर्लंडात जिनिव्हा सरोवराच्या काठी मॉन्त्रो ह्या गावी गेले. तेथील कॅसिनोचे मोठे सभागृह हिवाळ्यात रिकामे राहणार होते. तेथेच वाजवावे व बाहेर उभ्या केलेल्या मोटारीतील फिरत्या यंत्रसामग्रीने मुद्रण करावे, असा बेत होता. परंतु 4 डिसेंबर रोजी त्याच सभागृहात फ्रँक झॅपा ह्या अमेरिकन संगीतकाराचा कार्यक्रम चालू असता श्रोत्यांतील कोणी एकाने छताकडे इशाऱ्याचे दारूकाम उडविले, आणि पाहता पाहता सारी इमारत पेटली. सुदैवाने कोणी प्राणास मुकले नाही. मॉन्त्रोच्या संगीतमहोत्सवाचा संस्थापक क्लोद नॉब्स ह्याने धावून जाऊन कित्येक तरुण श्रोत्यांस बाहेर काढले. सरोवराच्या पाण्यावर पसरलेला धूर आमच्या वाद्यवृंदाने दुरून पाहिला, व त्यावरूनच 'स्मोक ऑन द वॉटर' हे त्यांचे जगप्रसिद्ध गीत जन्मास आले.

पुढे त्यांस दुसरे एक नाट्यगृह मिळाले. परंतु रात्रीच्या आवाजाने शेजारी त्रासले व पोलीस दाराशी आले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या एका बोळात, गाद्यांचे आडोसे उभारून, त्यांनी काम पुरे केले. तेथून मुद्रणाच्या मोटारीपर्यंत जाण्याची वाट खोल्याखोल्यांतून व गच्च्यांवरून इतकी वळणावळणाची होती की वाजविलेले पुन्हा ऐकण्यास जाणे त्यांनी सोडूनच दिले. वाजवावे, आणि जमले असे मनास वाटले तर पुढे जावे, हाच क्रम पडला. 'मशीन हेड' मार्च 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या मते त्यातील ताजेपणाचे पुष्कळसे श्रेय ह्या अडचणीस आहे. सुखसोयींच्या स्टुडिओत तोच अल्बम अधिक गुळगुळीत झाला असता, व कदाचित अधिक निर्जीवही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात वाद्यवृंद जपानात गेला. तेथील मैफलींचे मुद्रण करावे, ही कल्पना जपानमधील ध्वनिमुद्रिका कंपनीची. वाद्यवृंदास तिची फारशी हौस नव्हती. आपला ध्वनिमुद्रक आपण आणू, व मुद्रण पसंत पडले तरच ते प्रसिद्ध व्हावे, अशा अटींवर त्यांनी होकार दिला. मार्टिन बर्च ह्या कुशल ध्वनिमुद्रकाने 15 व 16 ऑगस्ट रोजी ओसाका येथे, आणि 17 ऑगस्ट रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात तीन मैफली मुद्रित केल्या. त्यांतून सात गीते निवडून दोन तबकड्यांचा 'मेड इन जपान' हा अल्बम सिद्ध झाला, व डिसेंबर 1972 मध्ये तो इंग्लंडात प्रसिद्ध झाला. मैफलीनंतर त्यात वरून नवे वादन किंवा गायन भरलेले नाही, असे त्या मंडळींनी सांगितले आहे. मुख्यतः जपानसाठी काढलेली ही मुद्रिका आज मैफलींच्या मुद्रणांत एक आदर्श मानली जाते.

सात गीतांपैकी चार 'मशीन हेड'मधील असल्यामुळे दोन्ही रीतींची तुलना सहज करता येते. 'हायवे स्टार' हे गीत 1971 साली प्रवासात, बसमध्ये सुचले व त्याच रात्री मंचावर म्हटले गेले. म्हणजे त्याचा जन्मच मैफलीचा. असे असूनही त्यातील गिटारीची लांब तान ब्लॅकमोरने स्वरास्वराचा आधी विचार करून बांधली होती. ती तान नीट समजून घ्यावयाची असेल तर 'मशीन हेड' ऐकावा. ओसाका येथील प्रत वेगाने सरस आहे, परंतु त्या वेगात काही रेषा पुसट होतात. 'स्मोक ऑन द वॉटर'च्या बाबतीतही आमचे मत स्टुडिओच्या प्रतीकडे झुकते. चार स्वरांवर उभी असलेली ती सुरावट जितक्या संयमाने वाजवावी तितकी ती मनात ठसते.

उलट 'चाइल्ड इन टाइम' हे 1970 सालचे गीत जपानातच पूर्णतेस पोहोचले, असे आम्हांस वाटते. ऑर्गनाच्या मंद स्वरांनी आरंभ होतो. गायक जवळजवळ कुजबुजतो. मग शब्द संपतात व केवळ आर्त पुकार उरतो, जो पायरीपायरीने वर चढत जातो. स्टुडिओतील प्रत दहा मिनिटांची आहे, जपानातील बारांची. ही दोन मिनिटे वाया गेलेली नाहीत. वरचा स्वर लागेल की नाही, ही धास्ती मैफलीच्या मुद्रणात ऐकणाऱ्यासही जाणवते, आणि तो लागला म्हणजे होणारा आनंदही तितकाच मोठा असतो.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन' ह्या गीताच्या उत्तरार्धात गिटार एक लकेर घेते व गिलन ती गळ्याने जशीच्या तशी परत करतो; मग गिटार अधिक अवघड लकेर टाकते. ज्यांनी आपल्याकडील जुगलबंदी ऐकली आहे त्यांस हा खेळ परका वाटणार नाही. स्टुडिओच्या प्रतीत ह्याचा मागमूस नाही. आणखी एका ठिकाणी गिलन ध्वनियोजकास विनोदाने सांगतो की सर्वच वाद्ये इतर सर्व वाद्यांहून मोठी ऐकू येऊ देत! अशा बोलण्याने मंचावरील माणसे आपल्या खोलीत येऊन बसल्यासारखी वाटतात.

चाहता म्हणविणाऱ्याने दोषही सांगितले पाहिजेत. 'स्पेस ट्रकिन' हे साडेचार मिनिटांचे गीत जपानात सुमारे वीस मिनिटे ताणले आहे व तबकडीची एक संपूर्ण बाजू त्याने व्यापली आहे. सभागृहात बसलेल्यांस ते रंगले असेल; घरी ऐकताना मात्र आमचे लक्ष अनेकदा उडते. 'द म्यूल'मधील दीर्घ ड्रमवादनाचीही तीच गत. मैफलीत जे डोळ्यांनी पाहावयाचे असते ते तबकडीवर येत नाही, ही ह्या रीतीची मर्यादा होय.

1993 साली ह्या तिन्ही रात्रींचे मुद्रण तीन सीडींच्या संचात बव्हंशी प्रसिद्ध झाले. तेच गीत लागोपाठ तीन रात्री कसे बदलते हे त्यावरून कळते, व अभ्यासू श्रोत्यास त्याचा मोठा लाभ आहे. परंतु असे संच केवळ जमविण्याचा छंद लागला म्हणजे ऐकणे मागे पडते व मोजणे पुढे येते. आम्हीही काही काळ ह्या मोहात सापडलो होतो. शेल्फ भरले, आणि एकही गीत शेवटपर्यंत स्वस्थपणे ऐकवेना. आमचा अनुभव असा की एका गीताच्या दोन प्रती शंभर वेळा ऐकणारा, शंभर प्रती एकेकदा ऐकणाऱ्याहून अधिक शिकतो.

ह्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. गिलनने 1973 साली वाद्यवृंद सोडला; त्या काळातील त्याची शेवटची मैफल 29 जून रोजी ओसाका येथेच झाली. ते पाच जण 1984 साली पुन्हा एकत्र आले. पुढे ब्लॅकमोर गेला व त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स आला. त्याच्यासह हा वाद्यवृंद एप्रिल 1995 मध्ये मुंबईस आला, आणि त्या मैफलीचे मुद्रण 'बॉम्बे कॉलिंग' ह्या नावाने पुढे प्रसिद्ध झाले. आपल्या मुंबईच्या श्रोत्यांचा गजर त्यात ऐकताना आम्हांस नेहमी थोडा अभिमान वाटतो. जॉन लॉर्ड 16 जुलै 2012 रोजी निवर्तला. मार्टिन बर्चही 2020 साली गेला. ओसाका येथील त्या दोन रात्री मात्र फितीवर राहिल्या आहेत.

आता त्या मुलाची गोष्ट. जपानातील आपल्या गायनाविषयी गिलन स्वतः संतुष्ट नव्हता, हे प्रसिद्ध आहे. त्याच्या समाधानासाठी ते मुद्रण बाजूस ठेविले असते, तर पन्नास वर्षे लक्षावधी श्रोत्यांनी जे जिवापाड जपले ते कोणाच्याच कानी पडले नसते. गाणाऱ्यास आपली चूक तेवढी ऐकू येते. ऐकणाऱ्यास चूकही ऐकू येते आणि तिच्यापुढे टाकलेले पाऊलही.

आम्ही त्या मुलास बोलावून घेतले, व त्याच्या शेजारी बसून ते समूहगीत आरंभापासून शेवटपर्यंत ऐकले. जेथे स्वर फाटला तेथे त्याने डोळे मिटले. पुढचा चरण आला तेव्हा ते उघडले. "पुसू का?" आम्ही विचारले, कारण स्वर त्याचा होता, तेव्हा निर्णयही त्याचाच. तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "सर, आईला एकदा ऐकवतो. मग सांगतो."

ते मुद्रण अद्याप आमच्यापाशी आहे. यंदाच्या समूहगीतासाठी नावे देणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव पहिले आहे.